हरिपाठाची लय संगणकात उतरवताना : कोण कोणाला सावरतं हे मोजायची रीत

सप्ताहाचे दिवस आले की कुठल्या तरी कॉलेजची चार पोरं लॅपटॉप घेऊन येतात. कोणी संगीत विभागाचं, कोणी कॉम्प्युटरचं. प्रश्न एकच : भजनी मंडळ गाताना लय कशी वाढते, कुठे ताणली जाते आणि ती कोणामुळे, याचं मॉडेल करायचं आहे. प्रश्न चांगला आहे. पण दर वर्षी चूकही तीच होते. आधी कोड लिहितात, मग रेकॉर्डिंग करतात आणि कोण कुठे उभं होतं हे शेवटी आठवून लिहितात. क्रम नेमका उलटा हवा.

मीही हेच केलं होतं. गंगाखेडकडच्या एका गावात पहिल्या वर्षी एकच फोन मृदंगाशेजारच्या खांबाला बांधला. आलेखात मृदंग टाळांच्या सरासरी २० मिलिसेकंद पुढे निघाला. मी तो आलेख कौतुकाने मृदंग वाजवणाऱ्या काकांना दाखवला. ते म्हणाले, "मी टाळाच्या मागं ऱ्हातो, पुढं कधीच नाही." मग टेप आणून अंतर मोजलं. फोनपासून पुढचा टाळकरी सात मीटरवर होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे सात मीटरला २० मिलिसेकंद. मी मंडळ मोजलंच नव्हतं, खांब मोजला होता.

खालची रीत त्या खांबापासून सुरू होते. टप्पे गाळू नका आणि उलटसुलट करू नका.

टप्पा १ : प्रश्न लहान करा

'भावपूर्ण गायनाचं मॉडेल' हा प्रश्न नव्हे. कागदावर तीन ओळी लिहा : काय मोजणार, कोणाचं मोजणार, कशाशी ताडून बघणार.

काय मोजणार याला तीन उत्तरं असू शकतात : वेळ, जोर आणि स्वर. पहिल्या वर्षी वेळ घ्या, जमलं तर जोर. स्वराच्या वाटेला जाऊ नका. वीस जण एका सुरात गात असताना एकाचा आवाज वेगळा काढणं हे स्वतंत्र काम आहे, आणि त्यात दोन वर्षं सहज जातात.

कोणाचं मोजणार? वीस टाळकऱ्यांचं नाही. चार भूमिका पुरेत : चाल म्हणणारा गायक, मृदंग, डाव्या ओळीचा पुढचा टाळकरी आणि उजव्या ओळीचा पुढचा टाळकरी. विणेकरी मधोमध उभा असतो, त्याचा मान मोठा, पण वीणेचा आवाज टाळांच्या गजरात सापडत नाही. त्याच्याकडे कोण कधी बघतं याची नोंद वहीत करा. ती पुढे कामी येते.

आणि घ्यायचा तो हरिपाठच घ्या. कीर्तन नको, काकडाही नको. सप्ताहात हरिपाठ सात संध्याकाळी होतो. शब्द तेच, माणसं बहुतेक तीच, जागा तीच. अभंगाची घडण ठरलेली, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, आणि एक ओळ या बाजूने तर दुसरी त्या बाजूने. एकच गोष्ट सात वेळा, तीही कोणाला मुद्दाम 'पुन्हा म्हणा' असं न सांगता. प्रयोगशाळेत हे पैसे देऊनही मिळत नाही.

टप्पा २ : परवानगी आणि जागेची पाहणी

सप्ताह बसायच्या दोन-तीन दिवस आधी जा. पहिल्या दिवशी फोन घेऊन मंडपात घुसणाऱ्याला कोणी हाकलत नाही, पण नंतर कोणी मदतही करत नाही. आधी विणेकऱ्यांना आणि सप्ताह कमिटीला विचारा. काय रेकॉर्ड होणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे साध्या भाषेत सांगा. वारकरी शिक्षण संस्थेतली लहान मुलं ओळीत असतील तर त्यांच्या पालकांना किंवा गुरुजींना वेगळं विचारा. नावांऐवजी डावा-१, उजवा-१ असं लिहा. कोण लयीत चुकतं ही माहिती गावात फिरली तर पुढच्या वर्षी त्या गावात तुम्हाला पाय ठेवता येणार नाही.

मग टेप काढा आणि मंडपाचा नकाशा करा. चारही माणसांच्या जागा, फोनच्या जागा, स्पीकर कुठे, कर्णा कुठे. पावली खेळताना ओळी किती पुढे-मागे सरकतात तेही लिहा. ओळीपासून साडेसतरा मीटरवर स्पीकर असेल तर गायकाचा आवाज त्यातून टाळकऱ्याच्या कानावर ५० मिलिसेकंद उशिरा येतो. तो त्या आवाजाला धरून वाजवत असेल तर तो 'मागे' आहे असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

*इशारा :* मिक्सरवाल्याशी दोस्ती करा आणि एकोचं बटण किती फिरवलंय ते बघा. आपल्याकडे सप्ताह म्हटला की एको पूर्ण. त्या एकोतून प्रत्येक अक्षर दोनदा उमटतं आणि संगणक दुसऱ्यालाही खरं समजतो. मिक्सरमधून आवाज घ्यायचा असेल तर एको लागण्याआधीचा घ्या. मिक्सरवाल्याला 'एको बंद करा' म्हणू नका, तो करणार नाही.

टप्पा ३ : रेकॉर्डिंग

चार भूमिकांना चार यंत्रं. महागडी लागत नाहीत. जुने फोन चालतात, फक्त प्रत्येकाचा माइक त्या त्या माणसाच्या जवळ हवा. गायकाला आणि टाळकऱ्यांना कॉलरचा माइक, फोन खिशात. मृदंगाला पिएझोची चकती, म्हणजे हवेतला आवाज नाही तर लाकडाची थरथर पकडणारी छोटी चकती, सर्वांत उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती किरकोळ भावात मिळते, खोडाला चिकटपट्टीने लावली की शेजारचे टाळ तिला जवळपास ऐकूच येत नाहीत. पुडीला, म्हणजे वाजवायच्या कातड्याला, मात्र लावू नका. मृदंग त्यांचा आहे, आपला नाही.

फोनवर एवढं करा :

- फ्लाइट मोड. मधेच फोन आला तर काही यंत्रांवर रेकॉर्डिंग मुकाट्याने थांबतं.
- वेव फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. तासाला सुमारे ३४६ एमबी. चार फोन, सात दिवस, रोज एक तास धरला तर जवळपास १० जीबी. जागा आधी मोकळी करा.
- आवाज आपोआप कमीजास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी सोय बंद. ती चालू असेल तर जोराचं मोजमाप कचऱ्यात गेलं असं समजा.
- फोन उन्हात ठेवू नका. तापलेला फोन स्वतःच बंद पडतो.

आता टाळी. चारही फोन सुरू झाले की ते एकत्र आणा आणि मधोमध टाळ एकदाच कडकन वाजवा. मग ते आपापल्या जागी जाऊ द्या. हरिपाठ संपला की फोन बंद करण्यापूर्वी पुन्हा तसंच करा. सुरुवातीची टाळी सगळे वाजवतात, शेवटची कोणी वाजवत नाही, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दोन फोनांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आपण शोधतोय तो फरक १०-२० मिलिसेकंदांचा. एकच टाळी असेल तर पहिल्या अभंगात मृदंग मागे आणि शेवटच्या अभंगात पुढे दिसेल, आणि तुम्ही त्यावर 'मृदंगाचं नेतृत्व हळूहळू वाढत जातं' असा परिच्छेद लिहाल.

*तपासा :* मंडपातून निघण्यापूर्वी चारही फायली तिथेच उघडून शेवटचे दहा सेकंद ऐका. फायली व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका, ती आवाज दाबून पाठवते. पेन ड्राइव्ह न्या.

वहीतल्या नोंदी त्याच रात्री पूर्ण करा : कोण गैरहजर, कोणी जागा बदलली, धुम्याची, म्हणजे मृदंगाच्या खर्जाच्या बाजूची, कणीक कधी लावली. कणीक वाळत आली की धुम्याचा आवाज बदलतो आणि खालच्या पट्टीतले ठोके शोधणारा प्रोग्रॅम काही ठोके गाळायला लागतो. तेव्हा मृदंग 'थांबला' असं वाटतं. तो थांबलेला नसतो, वाळलेला असतो.

टप्पा ४ : फायली जुळवणे

आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम घ्या : ऑडॅसिटी किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर, दोन्ही फुकट आहेत. चारही फायलींत दोन्ही टाळ्यांच्या वेळा शोधा. एक फोन मुख्य धरा, बाकी तिघांच्या वेळा सरकवून आणि किंचित ताणून त्याच्यावर बसवा. ताणायचा तो आवाज नाही, खुणांचे आकडे. एक गुणाकार आणि एक बेरीज, एवढंच. मग मधल्या एखाद्या ठिकाणी, सगळ्या फोनांत ऐकू आलेला मोठा आवाज घ्या, फटाका असेल तर उत्तमच, आणि नकाशावरचं अंतर वजा करून तो जुळतो का बघा. पाच मिलिसेकंदांच्या आत आला तर पुढे चला.

टप्पा ५ : खुणा

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच, आणि पुढचं सगळं खरं की खोटं हे इथेच ठरतं. म्हणून इथे वेळ घालवा.

आधी गणित करा. पाऊण तासाचा हरिपाठ, सेकंदाला दोन मात्रा, म्हणजे ५,४०० मात्रा. चार भूमिका, सात दिवस : दीड लाखाहून जास्त खुणा. हे कोणी करत नाही, कोणी केलं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. तीन अभंग निवडा : सुरुवातीचा एक, मधला एक आणि गजराच्या आधीचा एक. तेच तीन सातही दिवस.

खूण कुठे करायची याचा नियम आधी लिहा. टाळाचं सोपं आहे, आवाज जिथे उसळतो तिथे. मृदंगालाही तसंच. गायकाचं अवघड आहे. 'स' किंवा 'श'ने सुरू होणाऱ्या अक्षराचा फुसकारा आधी येतो आणि स्वर नंतर, आणि कानाला ठोका पडल्यासारखं वाटतं ते स्वराच्या सुरुवातीला. म्हणून गायकाची खूण नेहमी स्वर सुरू होतो तिथे. एकाने व्यंजनावर आणि दुसऱ्याने स्वरावर खुणा केल्या तर गायक दर 'स'ला घाई करतो असा शोध लागतो.

काम असं करा :

1. आधी गाणं चालू ठेवून ताल धरा आणि खुणा टाका. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये अर्धविरामाची कळ, ऑडॅसिटीत कंट्रोल आणि एम. या खुणा कच्च्या आहेत. बोट कानाच्या मागेपुढे पडतंच.
2. मग लाट मोठी करून प्रत्येक खूण हाताने जागेवर सरकवा.
3. प्रोग्रॅमकडून आपोआप खुणा काढून त्या हाताच्या खुणांशी ताडा. हाताच्या खुणा फेकून देऊ नका.
4. दहा टक्के भाग दुसऱ्या माणसाकडून, तुमच्या खुणा न दाखवता, करून घ्या. दोघांतला फरक मिलिसेकंदांत लिहून ठेवा.

*नेहमीची चूक :* पायथनमध्ये लिब्रोसा, म्हणजे आवाज तपासायची तयार अवजारं, वापरताना फाइल जशीच्या तशी उघडा असं सांगावं लागतं. न सांगितल्यास ती आवाज सेकंदाला २२,०५० नमुन्यांवर आणते, आणि एका पावलात ५१२ नमुने धरले की एक पाऊल २३ मिलिसेकंदांचं होतं. म्हणजे मोजपट्टीवरच्या दोन रेघांमधलं अंतर मोजायच्या वस्तूपेक्षा मोठं. एकाने तीन महिने काम केल्यावर हे लक्षात आलं होतं.

टप्पा ६ : लय काढा, मग तिची चाळणी करा

दोन मात्रांमधलं अंतर घ्या. मिनिटाला किती ठोके हा आकडा दाखवायला बरा, पण सरासरी काढायला घातक. एक मात्रा ६० च्या लयीत आणि एक १२० च्या लयीत गेली तर सरासरी लय ९० नव्हे, ८०. अंतरांवरच काम करा, आणि त्यांचा लॉग घेतला तर आणखी बरं. मग संथ आणि जलद अभंग एकाच मापाने बघता येतात.

या अंतरांमध्ये तीन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. पहिली, पूर्ण हरिपाठभर वाढत जाणारी लय. दुसरी, प्रत्येक चरणाची स्वतःची घडण : उचल, मध्य, शेवटची चार अक्षरं, श्वास. तिसरी, उरलेली बारीक थरथर. या तिन्ही क्रमाने वेगळ्या करा. पहिली न काढता तिसरीकडे गेलात तर सगळेच एकमेकांचं ऐकून घाई करतात असं दिसतं. खरं म्हणजे सगळ्यांनाच पुढे गजर आहे हे माहीत असतं.

लय वाढली म्हणून लगेच मृदंगावर आळ घेऊ नका. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की बाहेरून ठोका नसताना दोन माणसं एकत्र बोटं वाजवतात तेव्हा ती एकट्यापेक्षा जास्त वेग घेतात. तिथे पुढारी कोणीच नव्हता. एकत्र असणं एवढंच पुरलं.

टप्पा ७ : नियमांचं मॉडेल

संगणकाकडून भावपूर्ण वादन करून घेण्याचा सगळ्यात नांदता मार्ग नियमांचा आहे. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेत सुंदबर्ग, फ्रिबर्ग आणि सहकाऱ्यांनी असे नियम बसवले : वाक्याच्या कमानीप्रमाणे लय, लांब स्वर आणखी लांब, आखूड आणखी आखूड, वगैरे. प्रत्येक नियमाला एक आकडा, तो वाढवला की नियमाचा जोर वाढतो. आपणही तसंच करायचं.

पण ते नियम पाश्चात्त्य संगीतावर बेतलेले आहेत, आणि पोरं ते उचलून थेट हरिपाठाला लावतात. त्यात शेवटी लय मंदावण्याचा एक नियम आहे. धावणारा माणूस थांबतो त्या वक्राशी तो ताडूनही पाहिला गेला आहे. आपला हरिपाठ शेवटी थांबत नाही, उसळतो. तो नियम लावला तर मॉडेलचं मंडळ गजराच्या तोंडाशी झोपी जातं.

आपले नियम मंडळाला विचारून लिहा. आमचे चार होते : चौथ्या चरणाची शेवटची मात्रा लांबते, दुसऱ्या बाजूने ओळ उचलताना पहिली मात्रा आखडते, ध्रुवपदावर येताना जोर वाढतो, शेवटच्या तीन अभंगांत ठेका दुप्पट झाला की बाकी सगळे नियम मऊ पडतात. चरणाच्या कमानीसाठी साधा द्विघाती वक्र, म्हणजे एकदाच वळणारी कमान, पुरतो.

*तपासा :* पाच दिवसांवर आकडे बसवा आणि उरलेल्या दोन दिवसांवर चालवून बघा. सातही दिवसांवर बसवून सातही दिवसांवर जुळलं, याला काही अर्थ नाही.

टप्पा ८ : कोण कोणाला सावरतं

आता मुख्य प्रश्न. कल्पना साधी आहे. टाळकरी एखाद्या मात्रेला मृदंगाच्या मागे पडला तर पुढची मात्रा थोडी लवकर घेतो. किती लवकर, तो त्याचा सावरण्याचा आकडा. समजा मात्रा ५०० मिलिसेकंदांची आहे. मृदंग १०.००० सेकंदाला पडला, टाळ १०.०२० ला. मृदंग पुढे १०.५०० ला पडेल. टाळकऱ्याचा आकडा ०.५ असेल तर तो अर्धी चूक भरून काढतो आणि १०.५१० ला वाजवतो. आकडा शून्य असेल तर तो १०.५२० लाच, म्हणजे तो मृदंगाचं ऐकतच नाही.

हा आकडा दोन्ही दिशांनी निघतो. टाळ मृदंगाला किती सावरतो आणि मृदंग टाळाला किती. फरक असेल तर मंडळात कोणाचा शब्द चालतो ते कळतं. विंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या दोन चौकड्यांवर (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) हेच केलं. एकीत चौघं एकमेकांना जवळपास सारखेच सावरत होते, दुसरीत बाकीचे पहिल्या व्हायोलिनला सावरत होते. आपल्याकडे चार भूमिकांचे बारा आकडे निघतील. गणित म्हणजे साधं रेषीय समीकरण : प्रत्येकाचं पुढचं अंतर, बाकी तिघांशी असलेल्या आत्ताच्या मागेपुढेपणावर.

इथे एक खड्डा आहे. टाळाची एक खूण तुम्ही चुकून १० मिलिसेकंद उशिरा टाकली. त्या मात्रेला टाळ १० मिलिसेकंद मागे दिसेल. आणि पुढची खूण बरोबर असल्याने पुढचं अंतर १० मिलिसेकंदांनी आखूड दिसेल. म्हणजे टाळ मागे पडला आणि त्याने लगेच सावरलं! प्रत्यक्षात काहीच घडलेलं नाही. खुणा जितक्या आळशी, तितकं मंडळ एकजीव दिसतं. एकमेकांना जिवापाड सावरणाऱ्या मंडळाचे सुंदर आलेख मी पाहिले आहेत. ते खुणा टाकणाऱ्याचे आलेख होते.

यासाठी बहिऱ्याची परीक्षा घ्या. फोनवर तबल्याचं ॲप लावा, ठेका ठरलेल्या लयीत चालू द्या, आणि एका टाळकऱ्याला त्याच्यासोबत पाच मिनिटं वाजवायला सांगा. ॲपच्या आणि टाळाच्या खुणा नेहमीसारख्याच हाताने टाका आणि आकडे काढा. टाळकरी ॲपला सावरेल. पण ॲप बहिरं आहे, त्याचा आकडा शून्याजवळच यायला हवा. तो ०.१७ आला तर समजा की तुमच्या खुणा सरासरी १० मिलिसेकंद इकडेतिकडे आहेत आणि खरा मागेपुढेपणा २० च्या घरातला आहे : दहाचा वर्ग शंभर, विसाचा चारशे, त्यात ॲपच्या आणि टाळाच्या खुणांचे शंभर-शंभर मिळवून सहाशे, आणि शंभराला सहाशेने भागलं की ०.१७. असं झालं तर टप्पा ५ वर परत. दुसरा उपाय नाही.

टप्पा ९ : खोट्या जोड्या

बहिऱ्याची परीक्षा पास झालात तरी दुसरा प्रश्न उरतो. दोघं एकत्र लांबवतात ते एकमेकांचं ऐकून, की दोघांनाही एकच चाल पाठ आहे म्हणून?

सोमवारचा मृदंग आणि गुरुवारचा टाळ घ्या. हे दोघं एकमेकांना ऐकूच शकत नव्हते. प्रत्येक चरणाची पहिली मात्रा शून्यावर आणा, चरणाची लांबी सारखी करा, आणि आकडे काढा. अशा जमतील तेवढ्या जोड्या करा. खऱ्या जोडीचा आकडा या खोट्या जोड्यांच्या घोळक्यातून स्पष्ट वर निघाला तरच 'असर' हा शब्द वापरा. नाही निघाला तर तुम्हाला चाल सापडली आहे. तीही लिहायला चांगली गोष्ट आहे, पण तिला असर म्हणू नका.

टप्पा १० : दिवसागणिक होणारा असर

मात्रेमात्रेला सावरणं ही एक गोष्ट, आणि सोमवारी ऐकलेली लकब शुक्रवारी अंगात येणं ही वेगळी. दुसरीसाठी प्लिमथ विद्यापीठातल्या मिरांडा, कर्क आणि झांग यांची रीत उपयोगी आहे. संगणकात काही 'वादक' ठेवायचे. प्रत्येकाकडे स्वतःची लकब, म्हणजे कुठल्या मात्रेला किती ताणायचं आणि किती जोर द्यायचा याची यादी. ते एकमेकांचं ऐकतात, आवडलं तर थोडं उचलतात, पुन्हा वाजवतात.

आपल्याकडे चार वादक आणि सात दिवस. प्रत्येकाचा प्रत्येकावर किती असर असे बारा आकडे सहा रात्रींच्या बदलातून काढायला जाऊ नका, काहीही बसेल. तीनच आकडे ठेवा : स्वतःच्या लकबीला किती चिकटायचं, चाल म्हणणाऱ्याकडून किती घ्यायचं, समोरच्या ओळीकडून किती घ्यायचं. थोडी यादृच्छिक थरथर ठेवाच. ती नसेल आणि सगळे सगळ्यांकडून घेत असतील तर थोड्या फेऱ्यांत चौघं एकसारखे होतात, आणि तो निष्कर्ष नव्हे, गणिताचा स्वभाव आहे.

आणि मंडपाबाहेरचा असर विसरू नका. रात्री ९ ते ११ कीर्तन असतं. येणारे महाराज बऱ्याचदा आपला मृदंग वाजवणारा सोबत आणतात. त्याची एखादी तिहाई दुसऱ्या दिवशी हरिपाठात दिसली तर ती डाव्या ओळीकडून आलेली नाही. तशीच गत यूट्यूबवरच्या चालींची. आळंदीला शिकून आलेला एखादा मुलगा नवी चाल आणतो, बाकीचे ती दुपारी फोनवर ऐकतात, आणि संध्याकाळी सगळे एकदम बदलतात. मॉडेलला तो एकमेकांचा असर वाटतो. म्हणून रोज चहाच्या वेळी चौघांना विचारा : काल काय ऐकलं, कोणाचं ऐकलं. वहीतल्या या दोन ओळी बारा आकड्यांपेक्षा मोलाच्या ठरतात. मॉडेलमध्ये 'बाहेरचा' असा पाचवा वादक घाला. त्याने ऐकवायचं, ऐकायचं नाही.

टप्पा ११ : मंडळाला ऐकवा

आकडे जुळले म्हणजे काम झालं असं नाही. एकच अभंग तीन प्रकारे तयार करा : खऱ्या खुणांवरून, मॉडेलवरून, आणि एकदम सरळ ठेक्यावरून. तिन्हींत आवाज एकच, टाळाचा एक कोरा ठोका. नाही तर लोक लय नाही, आवाजाचा दर्जा ओळखतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुठला संगणकाचा हे सांगू नका, तुमच्यासोबत बसलेल्या पोरालाही माहीत नसू द्या. तो नकळत मान हलवतो.

आमचा निकाल सांगतो. सरळ ठेका सगळ्यांनी पहिल्या दोन चरणांत ओळखला. मॉडेलवर मात्र मतं फुटली. मृदंगवाल्या काकांनी ते दोनदा ऐकलं, डोळे मिटून, मांडीवर बोटं ठेवून. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि मधेच हात वर केला. "ह्यो माणूस दम घेत न्हाई. तिसऱ्या चरणानंतर कुणालाबी दम घ्यावाच लागतो."

आम्ही चौथ्या चरणाच्या शेवटी मात्रा लांबते असा नियम लिहिला होता, पण श्वासाची खूण कुठेच नव्हती. लांबणारी मात्रा आणि श्वास आम्ही एकच धरले होते. त्या रात्री गायकाच्या माइकची फाइल पुन्हा उघडली, तिसऱ्या चरणापाशी आणली, आवाज वाढवला, आणि पाचव्या टप्प्यात श्वासासाठी एक वेगळी ओळ जोडली.